आपण बल्ब बदलत राहिलो

बाबा, पुण्यात मी काय काम करते हे तुम्हाला कधी सांगता आलं नाही. अवकाशात एक दुर्बीण आहे, तिच्यात डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टिपणारा कॅमेरा आहे. ज्यांचं तेज बदलत नाही असे ठरलेले तारे त्यानं पुन्हा पुन्हा टिपायचे आणि मी वर्षागणिक आकडे ताडून पाहायचे. एक तारा किंचित मंदावलेला दिसला तेव्हा मी हरखले, वाटलं काहीतरी नवं सापडलं. मग दुसरा, तिसरा, सगळेच. आज दुपारी आमच्या विभागाच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सगळे तारे एकदम कसे मंदावतील? कॅमेऱ्याचीच नजर अधू होतेय." मी मान हलवली.

मला आपलं केनवडचं शिलाईचं दुकान दिसत होतं. तुम्ही मशीनवर वाकून काळ्या पॅन्टला टीप घालताय, मी सुईत दोरा ओवून देतेय. "हा बल्ब बी मंदच जळून राह्यला, माय," तुम्ही मला म्हणता. मी नवा आणते. तोही मंद. आई म्हणते, "तुमाले आता सूर्य आणून टांगू का?" आपण हसतो. कोणालाच वावगं वाटत नाही, कारण रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज पडतंच. दुकानातला, घरातला, ओट्यावरचा, सगळे बल्ब मंद होते बाबा, पण फक्त तुम्हाला. मी तर त्याच उजेडात अभ्यास करत होते.

मग शिलाई वाकडी येऊ लागली, गिऱ्हाईक रिसोडच्या शिंप्यांकडे जाऊ लागलं. आणि एका संध्याकाळी कुणाचे तरी कपडे देऊन पायवाटेनं परतताना तुम्ही कठडा नसलेल्या विहिरीत गेलात. दुकान बसलं म्हणून जीव दिला, असं गाव म्हणालं. आईनंही तेच मनाशी धरलं. अजून म्हणते, "आमाले टाकून गेले." मीही तेच धरलं, आणि घरातली पहिली पदवी घेतली ती तुमच्यावर रागावूनच.

तुम्हाला विहीर दिसलीच नाही का, बाबा?

हे सांगायला मघाशी आईला फोन लावला. तिचा आवाज ऐकला आणि वाटलं, ती विचारेल, मग आपण बल्बच का बदलत राहिलो? "जेवलीस का?" एवढंच मी विचारलं आणि फोन ठेवून दिला.