आमच्याच पडद्याची रेघ आणि शेजारणीचे शिवणयंत्र

दिनांक : ४ सप्टेंबर

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
बिनतारी संदेश निरीक्षण कार्यालय.

अर्जदार : वाचनालयातील हौशी रेडिओ केंद्राचा चालक व तेथील मुलांच्या वर्गाचा शिक्षक.

विषय : केंद्रासाठी चुकीचा स्पेक्ट्रम डिस्प्ले निवडून त्याचा दोष शेजारणीच्या शिवणयंत्रावर घातल्याबद्दल, यंत्र परत मिळण्याबाबत व तक्रार खोटी म्हणून नोंदवण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचाच गेल्या महिन्यातील तक्रार अर्ज, विशेषतः त्यातील परिच्छेद चार.

महोदया,

१. अर्जदार वाचनालयाच्या मागच्या खोलीत हौशी रेडिओ केंद्र चालवतो. शाळा सुटली की मुले तेथे येतात, पाळीपाळीने हेडफोन लावतात आणि दूरदूरच्या हौशी मंडळींची बोलणी ऐकतात. या खोलीच्या भिंतीला लागून एका बाईंचे शिवणकामाचे दुकान आहे. मुले त्यांना मावशी म्हणतात. मागच्या तक्रारीत अर्जदाराने त्यांना ‘सदर महिला’ असे म्हटले होते. या अर्जात तसे म्हणवत नाही, म्हणून येथे मावशीच लिहिले आहे. क्षमस्व.

२. वाचनालयाच्या समितीने केंद्राला स्पेक्ट्रम डिस्प्ले घेण्यास मंजुरी दिली व निवड अर्जदारावर सोपवली. आपण जाणकार आहात. परंतु हा अर्ज वरिष्ठांपुढे जाऊ शकतो, म्हणून अर्जदार थोडा खुलासा करतो. तो मुलांना करतो तसाच होईल, कारण दुसऱ्या तऱ्हेने त्याला येत नाही. रेडिओ एका वेळी एकच जागा ऐकतो; दाराच्या फटीतून रस्त्यावरचा एकच माणूस दिसावा, तसे. स्पेक्ट्रम डिस्प्ले म्हणजे सबंध खिडकी उघडणे. कोण कोठे बोलतो आहे ते पडद्यावर एकदम दिसते. मोठ्याने बोलणारा ठळक, हळू बोलणारा फिकट. चित्र वरून खाली सरकत राहते, त्यामुळे थांबत थांबत बोलणाऱ्याचे तुकडे पडतात आणि न थांबता कुरकुरणाऱ्याची सलग उभी रेघ उमटते.

३. रेडिओच्या दुकानात दोन डिस्प्ले होते. एक लहान, पत्र्याच्या पेटीतला, दिसायला अगदी औषधाच्या डब्यासारखा. दुसरा मोठा, प्लास्टिकचा, निळ्यापिवळ्या रंगांनी झगमगणारा. दुकानदार म्हणाला, “मास्तर, लहान घ्या. पत्र्याच्या आत असल्यामुळे गप्प बसतो. हा मोठा दिसायला देखणा आहे, पण रेडिओजवळ ठेवलात तर स्वतःच कुरकुरेल.” अर्जदार म्हणाला, “अहो, मागच्या बाकावरच्या पोरांना दिसायला नको का?” हे कारण खोटे नव्हते. पण पुरतेही नव्हते. समितीची मंडळी खोलीत आली की त्यांनी दारातच “वा!” म्हणावे, अशीही इच्छा होती. ती पूर्ण झाली. अध्यक्ष दारातच “वा!” म्हणाले.

४. पडदा लावल्यापासून त्याच्या मधोमध एक जाड, किंचित थरथरती पिवळी रेघ दिसू लागली आणि हेडफोनमध्ये गुणगुण येऊ लागली. वर्ग भरे त्याच वेळी पलीकडे मावशींचे विजेचे शिवणयंत्र चालू असे. अर्जदाराने दोन अधिक दोन केले आणि उत्तर मावशींच्या दारात नेऊन ठेवले. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. “अगंबाई, माझ्यामुळे पोरांना ऐकू येत नाही होय? मग वर्गाच्या वेळी मी मशीन बंद ठेवीन. तेवढ्यात काज-बटणं हातानं होतील,” असे म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तसे केलेही.

५. रेघ गेली नाही. अर्जदाराने भिंतीला कान लावला. पलीकडे इतके शांत होते की मावशींच्या कात्रीचा आवाजही येत होता, मशीनचा मात्र नाही. हेडफोन लावण्यापूर्वी नुसत्या कानांनी ऐका, हा अर्जदाराच्या वर्गाचा पहिला धडा आहे. तो मुलांकडून घोटून घेणाऱ्या अर्जदाराने त्या दिवशी स्वतःच्या कानाला खोटे ठरवले, कारण पडद्यावर रेघ दिसत होती. त्याने निष्कर्ष काढला की मावशी लपूनछपून मशीन चालवतात.

६. आता अर्जदाराने नियमानुसार केलेल्या तपासणीबद्दल. खरखर कोठून येते हे शोधण्याची हौशी मंडळींची एक ठरलेली रीत आहे : आपल्या जागेचा मुख्य स्विच बंद करावा, रेडिओ बॅटरीवर चालवावा, खरखर गेली तर ती आपली, राहिली तर बाहेरची. ही तपासणी अर्जदाराने मुलांसमक्ष मोठ्या रुबाबात केली. सबंध वाचनालय अंधारात गेले, ग्रंथपाल वैतागले. परंतु रेघ गेली की राहिली हे पाहायचे असल्यामुळे अर्जदाराने पडदाही बॅटरीवर लावून चालूच ठेवला. रेघ राहिली. अर्जदार मुलांना म्हणाला, “पाहिलंत? आपण निर्दोष.” महोदया, चोर शोधायला निघताना चोरालाच कंदील धरायला सांगावे, तसा तो प्रकार होता, आणि हे मुलांना शिकवण्यात बराच काळ घालवलेल्या माणसाकडून झाले.

७. त्याच दिवशी वर्गातील एक मुलगी म्हणाली, “मास्तर, मावशी मघाशी दारात उभ्या होत्या. तरी रेघ होतीच.” अर्जदाराने तिला उत्तर दिले की मशीनची मोटार बंद केली तरी गरम असेपर्यंत तिची रेघ येते. असे काहीही नसते. ते वाक्य अर्जदाराने जागच्या जागी तयार केले. मुलीने मान डोलावली. तिचा मास्तरांवर विश्वास आहे. ज्या प्रश्नासाठी तिची पाठ थोपटायची, त्याच प्रश्नावर तिला चुकीचे शिकवून घरी पाठवले, ही गोष्ट अर्जदाराला या अर्जातील कोणत्याही गोष्टीइतकीच बोचते.

८. नंतर अर्जदाराने आपल्या कार्यालयाकडे तक्रार केली. तिच्या परिच्छेद चारमध्ये असे लिहिले आहे : ‘सदर महिला वर्गाच्या वेळी यंत्र बंद ठेवत असल्याचे तोंडाने सांगते, परंतु प्रत्यक्षात ते चोरून चालवते व विचारणा केल्यास असत्य बोलते.’ आपले निरीक्षक आले, त्यांनी अर्जदाराचा पडदा पाहिला, यंत्राला सील ठोकले व ते गाडीत घालून नेले. मुले दारात उभी राहून पाहत होती. निरीक्षकांचा यात काही दोष नाही. केंद्र परवानाधारक, तक्रारदार पांढऱ्या केसांचा. त्यांनी विश्वास ठेवला.

९. यंत्र गेले तरी रेघ होतीच. येथे तरी अर्जदाराला शहाणपण यायला हवे होते. तो उठून मावशींकडे गेला आणि “दुसरं मशीन कुठं ठेवलंय?” असे विचारता झाला. मावशींनी त्याला आतल्या खोलीत नेले, पलंगाखाली वाकून दाखवले, कापडाचे गठ्ठे बाजूला केले. तेथे विजेवर न चालणारे, त्यांचे जुने पायाचे मशीन तेवढे होते. पुढच्या सत्रासाठी शाळेच्या गणवेशांचे काम त्यांनी घेतले आहे व सुजलेल्या गुडघ्याने त्या ते पायाच्या मशीनवर ओढत आहेत. त्या म्हणाल्या, “मास्तर, हेही बंद करू का?” त्यात टोमणा असता तर अर्जदाराला सोपे गेले असते. त्या खरोखर विचारत होत्या.

१०. दोष उघड झाला तो अर्जदाराच्या हुशारीने नव्हे. गेल्या आठवड्यात एक मुलगा पडदा फडक्याने पुसणार होता, म्हणून अर्जदाराने तो प्रथमच रेडिओ चालू असताना बंद केला. हेडफोन लावून बसलेली मुलगी, परिच्छेद सातमधलीच, म्हणाली, “मास्तर, गुणगुण गेली!” पडदा चालू केला, गुणगुण आली. बंद केला, गेली. मुलांनी हा खेळ आळीपाळीने करून पाहिला. अर्जदार खुर्चीवर बसून राहिला.

११. दुसऱ्या दिवशी अर्जदार आपल्या कार्यालयात तक्रार मागे घेण्यास आला. खिडकीवरील कारकून सज्जन आहेत. त्यांनी सांगितले की सील उघडण्यास तक्रारदाराचा दाखला लागतो. “‘यंत्र हलवल्यावर त्रास थांबला’ एवढं लिहा, मास्तर. तुमच्या बाईंना मशीन मिळेल, आमचं प्रकरण मिटेल, तुमचीही अब्रू राहील.” अर्जदाराने लेखणी हातात घेतली होती, हे त्याने लपवू नये. परंतु तसे लिहिले तर त्रास मावशींचाच होता हे कायमचे कागदावर राहते. अर्जदाराने लेखणी खाली ठेवली व घरी जाऊन हा अर्ज लिहावयास घेतला.

१२. सील उघडताना तक्रारीची प्रत यंत्राच्या मालकाला दिली जाते, असेही कारकुनांकडून समजले. परिच्छेद चार मावशींना सरकारी शिपायाच्या हातून कळावा हे अर्जदाराला सहन होईना. म्हणून काल त्याने स्वतः जाऊन तो वाचून दाखवला व खरे काय ते सांगितले. त्या गणवेशाची बाही जोडत होत्या. शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, “मशीन बंदच असायचं हो.” मग बाही सुलटी करून, “मी खोटं बोलते, असं मुलांनाही सांगितलंत का?” अर्जदाराने हो म्हटले. त्या म्हणाल्या, “जाताना दार लोटून घ्या. धूळ येते.”

१३. महोदया, तेव्हा अर्जदाराला उमगले की गेले काही दिवस मुले मावशींच्या दारासमोर ‘घर्रर्र’ असा मशीनचा आवाज काढून का पळतात. मावशींना तो खेळ वाटत होता. त्या हसत होत्या. आता त्या हसत नाहीत. अर्जदाराने आज वर्गात सर्व मुलांना सांगितले की चूक माझी होती, मावशी पहिल्यापासून खरे बोलत होत्या. मुलांनी ऐकून घेतले. मग एक मुलगा म्हणाला, “मास्तर, त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणताय ना? साहेबांनी मशीन नेलं म्हणजे काहीतरी असणारच.” दुसऱ्यांनीही माना हलवल्या. अर्जदाराचा शब्द मुलांपुढे आजवर खाली पडला नव्हता. जेव्हा तो खोटा होता तेव्हा त्यांनी मानला आणि आता खरा आहे तर मानत नाहीत, कारण खोट्याला आपल्या कार्यालयाचे सील लागले आहे.

१४. तरी नम्र विनंती की,

यंत्राचे सील ‘त्रास थांबला’ या दाखल्याशिवाय उघडावे. तक्रार खोटी होती व दोष अर्जदाराच्या पडद्याचा होता, अशी नोंद करावी. अर्जदाराच्या परवान्याबाबत जी कारवाई नियमात बसेल ती करावी, न बसल्यास ताकीद तरी द्यावी. नवा डिस्प्ले मुलेच निवडतील : दुकानात रेडिओ चालू ठेवून, हेडफोन लावून, प्रत्येक पडदा जवळ आणून. जो कानाला कळणार नाही तो घ्यायचा, मग तो औषधाचा डबा का दिसेना.

आणि मुख्य विनंती ही की, यंत्र मावशींनी कार्यालयातून आणावे असा आदेश देऊ नये. ज्या निरीक्षकांनी ते नेले त्यांनीच, त्याच गाडीतून, वर्गाच्या वेळी ते परत आणावे. दुकानात लावून चालू करावे. मुले भिंतीच्या या बाजूला हेडफोन लावून ऐकतील. मशीनची बारीक खरखर येईल. तीही त्यांनी ऐकावी, म्हणजे पडद्याची गुणगुण आणि मशीनची खरखर यातला फरक त्यांना कळेल. त्यानंतर निरीक्षकांनी मुलांना मोठ्याने एवढेच सांगावे की मावशी खोटे बोलल्या नव्हत्या. ते अर्जदाराने बोलून भागत नाही. मावशी तेव्हा दुकानाच्या दारात उभ्या असाव्यात, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. अर्जदार मुलांच्या रांगेत मागे उभा राहील.

गणवेशांचे काम पडून असल्यामुळे हे लवकरात लवकर व्हावे.

आपला नम्र, आणि शेजारणीचा अपराधी,
(सही)
अर्जदार

सोबत :
१. मूळ तक्रारीची प्रत. परिच्छेद चार अर्जदाराने खोडलेला नाही. तो आपण खोडावा.
२. सदर स्पेक्ट्रम डिस्प्ले, खोक्यासह. कार्यालयातील कोणत्याही रेडिओजवळ तो चालू करू नये.