रिकामे चार

तीर्थरूप दादांच्या चरणी,

धाकट्या बहिणीचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांचा खोकला गेला, पण सवय राहिली आहे (मी बोलायला लागले की खोकतात). वहिनींची पाठ कशी आहे? शेकायला सांगा, रबरी पिशवी मात्र विकत आणू नका, गरम पाण्याची बाटली जुन्या मोज्यात घातली की तेच काम होतं. तुमची साखर, तुमचा रक्तदाब आणि तुमचा राग आटोक्यात राहावा म्हणून मी रोज प्रार्थना करते. साखर आणि रक्तदाबाच्या बाबतीत देव ऐकतो आहे, असं वहिनींच्या फोनवरून कळतं.

तुमचं पत्र पोचलं. मुलांचा वाद्यवृंद या महिनाअखेर बंद करायचा, हॉलची किल्ली परत द्यायची आणि त्याआधी जुन्या मुलांना बोलावून निरोपाचा एक कार्यक्रम करायचा, असं तुम्ही लिहिलंत. कारण काय, तर इतकी मुलं हाताखालून गेली आणि त्यातला एकही पोटासाठी वाद्य वाजवत नाही. म्हणजे जन्म फुकट गेला. दादा, वाचून मला इतकं वाईट वाटलं की भाजी करपली (फेकली नाही, वरची वरची खाल्ली). आमंत्रणं पोचवायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत, कारण मुलाला सोडायला-आणायला येणारी मी वर्षानुवर्षं हॉलच्या मागच्या बाकावर बसून विणत असे आणि सगळ्यांचे चेहरे मला पाठ आहेत. तुम्ही आमंत्रणं पोस्टाने पाठवायला सांगितलीत. पण जी माणसं चालत जाण्याच्या अंतरावर राहतात त्यांना तिकिटं कशाला लावायची? म्हणून मी पिशवीत छत्री आणि आमंत्रणं टाकून निघाले. ह्यांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, पोस्टाचं काम करायला. ते खोकले.

आधी गेले त्या ट्रम्पेटवाल्याकडे, ज्याच्यामुळे हॉलच्या शेजारणीने घर बदललं होतं. दादा, तो आता बहिऱ्यांसाठी कानात घालायची यंत्रं विकतो. मी थट्टा करत नाही, दुकान डोळ्यांनी पाहून आले. मला म्हणाला, "मावशी, पापाचं प्रायश्चित्त समजा." पण त्याच्याकडचं एक बघण्यासारखं आहे. म्हातारी माणसं यंत्र लावून घाबरून बसतात, तेव्हा हा आधी खुर्चीच्या मागे जाऊन अगदी हळू शीळ घालतो आणि त्यांचे खांदे सैल होईपर्यंत थांबतो. एवढं हळू वाजवायला तुम्ही त्याला किती विनवत होतात! उशिरा का होईना, शिकला.

तिथून गेले दातांच्या डॉक्टरिणीकडे. तुमची ती व्हायोलिनवाली, मागच्या रांगेतली, जी सदा दुसरीच्या वहीत बघायची. तिचा दवाखाना जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर. ती दारातच भेटली आणि "बाकावरच्या मावशी!" म्हणून गळ्यात पडली. (माझं हे नाव होतं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.) आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. सोबत केकचा खोका घेतलेला एक घरपोच सामान देणारा माणूस. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टने एक उसासा टाकला आणि थांबली. दिवा गेला. केकवाला म्हणाला, "मेलो." मी देवाचं नाव घेतलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात बॅटरीचा प्रकाश टाकला आणि म्हणाल्या, "मावशी, खालची दाढ किडली आहे." माणसाने कामाशी निष्ठा ठेवावी, पण जागा बघावी की नाही?

लिफ्टवाल्याला कुणीतरी फोन केला. तो येईपर्यंत मी डॉक्टरीणबाईंना तुमच्या पत्रातलं सांगितलं. तिने बॅटरी विझवली. मग म्हणाली, "सरांना असं वाटतं?" एवढंच. अंधारात मला तिचा चेहरा दिसला नाही, पण नाक ओढल्याचं ऐकू आलं. म्हणाली की दाताला हात लावण्याआधी ती मनात चार मोजते, एक श्वास घेते, आणि रोगीही आपोआप तिच्याबरोबर श्वास घेतो. मग दुखत नाही. हे कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही, म्हणाली.

तेवढ्यात बाहेर हत्यारांची खडखड झाली. लिफ्टवाला दाराला भिडून ओरडला की दार रुळातून सुटलंय, तो बाहेरून पहारीने रेटणार, आम्ही आतून त्याच क्षणी ओढायचं. जरा मागेपुढे झालं की पुन्हा अडकणार. मी मोजतो, म्हणाला. आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन... तीनला केकवाल्याने सगळा जोर लावून दार ओढलं, दार हललं नाही, हा मात्र पाय घसरून खोक्यावर बसला. बाहेरून शिव्या आल्या. पुन्हा मोजणं. या वेळी गडी चारला ओढू लागला, दार तिरकं झालं आणि जास्तच रुतलं. "अहो, चारला नाही, चारनंतर!" बाहेरचा ओरडला. केकवाला म्हणाला, "चारनंतर काय असतं? जगात सगळे तीनला ओढतात!"

दादा, त्याच क्षणी डॉक्टरीणबाईंनी माझा हात घट्ट धरला. चारपर्यंत मोजतात आणि कुणी काही करत नाही, मग सगळे मिळून श्वास घेतात आणि पुढच्या एकला सुरू करतात, हे या जगात फक्त एकाच हॉलमध्ये होतं. तुमचे रिकामे चार! ती दाराला तोंड लावून ओरडली, "ढोल्या, तू का रे?" बाहेर पहार खाली पडली. मग आवाज आला, "कोण, चष्मिष्ट?" तो तुमचा मोठ्या ढोलावरचा पोरगा. लिफ्टच्या वायरी, ब्रेक, दोर सगळं तपासतो म्हणे, आणि मोटार सुरू झाली की डोळे मिटून नुसता ताल ऐकतो. ताल चुकला तर बिघाड. आम्ही केकवाल्याला कोपऱ्यात उभं केलं (त्याच्या मागच्या बाजूला क्रीम लागलं होतं, म्हणून भिंतीला टेकू दिलं नाही). बाहेर ढोल्याने मोजलं, आत आम्ही दोघी गप्प. चार झाले. तिने श्वास घेतला, मीही घेतला, बाहेर त्यानेही घेतला असणार. आणि पुढच्या एकला तिघांनी मिळून जोर लावला. दार लोण्यासारखं सरकलं.

मी बाहेर आले ती रडत. डॉक्टरीणबाईंना वाटलं घाबरले, ढोल्याने पाणी आणलं. मी घाबरले नव्हते, दादा. मी त्या दोघांच्या बरोबरीने सुरू केलं होतं. मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता माझ्या मुलाविषयी लिहिते, कारण तुम्ही त्याचं नाव पत्रात टाळलंत. वाद्यवृंदात सगळ्यात वाया गेलेला तोच, असं तुम्हाला वाटत असेल. एका जागी न बसणारं ते कार्टं मी तुमच्याकडे आणलं, तेव्हा तुम्ही त्याला तो लोखंडी त्रिकोण दिलात आणि सांगितलंत, साऱ्या कार्यक्रमात एकदाच वाजवायचं, शेवटी, मी बघेन तेव्हा. पहिल्या कार्यक्रमात त्याने तुमची वाट न बघता मध्येच ठण्ण केलं, लोक हसले, मी विणकामात तोंड लपवलं. पुढच्या वेळी त्रिकोण पुन्हा त्याच्याच हातात दिलात. आज तो इमारतींच्या कामावर क्रेन चालवतो. उंच खोलीत एकटा बसतो आणि खाली उभ्या माणसाच्या हाताकडे बघत राहतो. हात उठल्याशिवाय काही हलवत नाही. कामावरचे त्याला पुतळा म्हणतात. मागे मुकादम ओरडत होता, "सोड लवकर, सोड!" पण खालचा हात उठला नव्हता, म्हणून हा थांबला. वजनाखाली एक मजूर वाकून आपली चप्पल शोधत होता. संध्याकाळी तो मजूर आपल्या बायकोला घेऊन आमच्या दारात आला आणि हात जोडून उभा राहिला. मी त्यांना बसवलं, चहा दिला (साखर नेहमीपेक्षा जास्त घातली). त्या रात्री प्रार्थनेला बसले तेव्हा देवाच्या आधी तुमचं नाव तोंडात आलं. देव रागावला नसावा.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण घरचा जमाखर्च मांडते. तुम्ही खर्चाची बाजूच लिहिलीत आणि वही मिटलीत. अशी वही मी घरात चालू देत नाही.

वहिनींना नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

तुमची धाकटी

ता. क. निरोपाच्या कार्यक्रमाची आमंत्रणं माझ्या पिशवीतच राहिली. तोंडी सांगताना माझ्याकडून थोडा बदल झाला. रविवारी सकाळी हॉलवर तालीम आहे, असं मी सगळ्यांना सांगून बसले. सगळे येताहेत. ढोल्याने लिफ्टच्या लोकांकडे सुट्टीही मागितली. तेव्हा किल्ली परत देण्याची घाई करू नका, नाहीतर मी खोटी पडेन. (आमंत्रणांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे पत्र लिहिलं आहे.)

ता. क. दुसरा. केकवालाही येतो म्हणतो. चारनंतर काय असतं ते त्याला बघायचं आहे.

ता. क. तिसरा, आणि हा वहिनींना वाचून दाखवू नका. लहानपणी तुम्ही डबा वाजवायचात आणि मला सांगायचात, तू बस आणि ऐक. मी इतकी वर्षं बसले आणि ऐकलं, तक्रार नाही, त्यातच सुख होतं. पण मुलाचा त्रिकोण आता रिकामा आहे. मी त्याला विचारलं, तो हसून हो म्हणाला. प्रार्थनेची घंटा मी रोज वाजवते, तेव्हा धातूवर धातू आपटण्याचा थोडाफार अनुभव आहे. एकदाच वाजवीन, शेवटी. नाही म्हणायचं असेल तर उत्तर लिहू नका, तिकीट वाया जाईल. हो म्हणायचं असेल तरी लिहू नका. मी मागच्या बाकावर बसलेली असेन, विणकाम आणणार नाही. तुम्ही फक्त माझ्याकडे बघा.