दाराची कडी

वहिनी,

दादा गेल्यावर मी प्राध्यापकसाहेबांचा जबडा फोडला, म्हणून तुम्ही कोठडीत येऊन माझे हात हातात घेतलेत. ते हात कसले आहेत, ते लिहितो.

त्या दुपारी दादा प्रयोगशाळेत युरेनियमची भुकटी आम्लात विरघळवत होता. भांडं फुटलं, भुकटी भडकली आणि त्याचा कोट पेटला. मी दाराबाहेरच होतो. माझ्यामागून साहेब ओरडले, "दार लाव! ती धूळ बाहेर आली तर सगळे मरू!"

मी कडी घातली.

दादा आतून दार बडवत होता. "छोट्या, उघड रे! मी आहे, मी!" त्याच्या तळहातांची कातडी दाराच्या काचेला चिकटली, तरी मी खांदा रेटून उभा राहिलो. आवाज थांबल्यावरच कडी काढली.

मग किरणं अडवायला दाराशी रचलेली शिशाची वीट उचलून साहेबांच्या तोंडावर हाणली. रक्त थुंकत ते म्हणाले, "मी नुसतं म्हटलं. कडी तू घातलीस."

हे त्यांनी कुणाला सांगू नये, म्हणून मी दुसरा घाव घातला.

साहेबांना अजून बोलता येत नाही. रविवारी तुम्ही डबा घेऊन याल. मी जेवेन, आणि हे पत्र उशाखालीच राहील.

तुमचा अपराधी,
धाकटा दीर