आधी भरा, मग बोला

कोचाबांबा,
३ जून १९९१

चि. सुलेमा हिस काकाचे अ. उ. आशीर्वाद.

तुम्हा तरुण वकिलांची, माझ्यासारख्या निवृत्त प्राध्यापकांची आणि या खोऱ्यातल्या प्रत्येक चिचावालीची तक्रार एकच आहे: या देशात कर चुकीचा आहे एवढं म्हणायलासुद्धा आधी तो भरावा लागतो. पावती नसेल तर न्यायाधीश मान वर करत नाही. आम्हाला अधिकार नाही, म्हणतो आणि पुढचं प्रकरण पुकारतो. जखमी माणसाला दवाखान्याच्या दारातच सांगावं, की बरा होऊन ये मग तपासतो, तसं हे.

क्लिसा गावात बावीस बाया मक्याची चिचा गाळून, ती दारू विकून पोट भरतात. नगरपालिकेने त्यांच्यावर नवा कर लादला. भरला नाही म्हणून रांजणांना लाखेची मोहर ठोकली, चिचा तयार असल्याची खूण म्हणून दारावरच्या काठ्यांना लावलेली पांढरी निशाणं उतरवली. आतली चिचा आंबट ढोण झाली. दोन जुलैला कोर्टाने ऐकून घेतलं नाही, तर रांजण आणि तांब्याच्या कढया लिलावात जातील. त्यांची पुढारी तेओदोसियाबाई. तिला वाचता येत नाही, पण बोलायला लागली की मला माझी भाषणं मिळमिळीत वाटतात.

त्यांची बाजू कोर्टात मी मांडणार आहे आणि माझी सगळी भिस्त १९२७च्या निकालावर आहे. तोच, गिरणीवाल्या विधवा हाउरेगीचा: “न्यायालयाचा उंबरठा म्हणजे तिजोरीचा गल्ला नव्हे.” माझ्या ग्रंथाच्या पान २१२ची तळटीप. कोर्टाला मूळ निकालाची शिक्क्याची नक्कल हवी आहे. तू प्रबंधासाठी सूक्रेच्या दफ्तरखान्यात बसतेसच, तेवढी काढून बसवाल्याच्या हाती धाड.

काकू विचारते, की सालतेन्यांशिवाय, त्या रश्शाच्या करंज्यांशिवाय, काही पोटात जातं का? तुझी ख्यालीखुशाली कळवत राहा, म्हणजे इथे आम्हा दोघांनाही घास गोड लागतो.

तुझा काका,
सातुर्निनो

---

सूक्रे,
८ जून

ती. काकांस सा. न. वि. वि.

काकूला सांगा, सालतेन्या रोज खाते आणि रस कोपरापर्यंत सांडते. अजून शिकले नाही. दफ्तरखान्यात इतकी थंडी आहे की तिथले दफ्तरदार कासियानो हातमोजे घालून बसतात. मी घातले तर मात्र कागदाला इजा होते, म्हणतात.

निकाल सापडला. एकोणीस पानं आहेत. तुमचं वाक्य अकराव्या पानावर आहे, शब्दन् शब्द. पण काका, अकरावं पान सुरू कसं होतं ते लिहिताना हात थांबतोय. ते सुरू होतं, “माझ्या चार सहकाऱ्यांशी मी सहमत नाही” असं.

ते एकट्या न्यायमूर्तींचं विरोधी मत आहे. खरा निकाल नवव्या पानावर संपतो. विधवेची तक्रार फेटाळली, आधी कर भरून या, तोपर्यंत आम्हाला अधिकार नाही, असं चौघांनी सांगितलं. मी तीनदा वाचलं. कासियानोंकडूनही वाचून घेतलं.

म्हणजे निकाल आपल्या बाजूचा नाही, उलट बाजूचा आहे. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरणही त्यावरच उभं आहे. मी ते तुमच्या ग्रंथातून उचललं, सगळेच उचलतात. तुम्ही कुठून घेतलं होतं? दोन दिवस अन्न गोड लागत नाही. लवकर लिहा. रागावलात तरी लिहा.

तुमची,
सुलेमा

---

कोचाबांबा,
११ जून

सुलेमा,

दफ्तरखान्याने पानं उलटसुलट शिवली असतील. माझ्या ग्रंथाच्या सात आवृत्त्या निघाल्या. चाळीस वर्षं हे वाक्य मी वर्गात, सभेत, खाणीच्या तोंडाशी उभं राहून म्हटलं आणि लोक टोपी काढून उभे राहिले. ते खोटं, असं तू मला हातमोज्यांच्या गप्पांमध्ये घुसडून कळवतेस?

बरं, शिवण नीट आहे असं धरून चालू. मग ऐक. तो दफ्तरखाना प्रत्येक पानाची वेगळी नक्कल देतो, प्रत्येक पानावर वेगळा शिक्का. मला फक्त अकरावं पान पाठव, आणि त्यातही पहिल्या ओळीवर घडी येईल अशी काळजी घे. पान खरं, शिक्का खरा, वाक्य खरं. नगरपालिकेचा वकील गोन्सालो माझाच विद्यार्थी. दफ्तरखान्याची पायरी तो कधी चढला नाही; हे वाक्य त्याने माझ्याच तोंडून पाठ केलं आहे. तो कशाला शंका घेईल?

त्या बायांकडे दुसरं काही नाही. तुझा सोवळा विवेक मोठा, की बावीस चुली? विचार करून उत्तर दे, आणि उत्तरासोबत पान दे.

सातुर्निनो

---

सूक्रे,
१५ जून

ती. काकांस सा. न. वि. वि.

एकच पान मिळतं, हे खरं. मी कासियानोंना विचारलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, की एकच पान मागणाऱ्याला बहुधा पुढच्या-मागच्या पानाची भीती असते. मी लाल झाले आणि बाहेर येऊन चौकात बसले.

पाठवणार नाही, काका. तिसऱ्या वर्षाला तुम्ही मला करकायद्यात शून्य दिलं होतं, आठवतं? मूळ न बघता दुसऱ्याचं अवतरण लिहिलं म्हणून. घरात पुतणी असली तरी वर्गात कुणाची काकी-मावशी नाही, असं सगळ्यांदेखत म्हणालात. मी रडले, काकूने शेंगदाण्याचं सूप करून घातलं. ते शून्य मला योग्य होतं. आता ते कुणाला द्यायचं?

आणि घडीचं काय लिहिलंत! असली युक्ती गोन्सालोला शोभली असती.

बावीस चुलींचं ओझं मलाही आहे. झोपेत रांजण दिसतात. पण घडी उलगडली तर कोर्ट त्या बायांनाच लबाड म्हणेल, तुम्हाला नाही. तेओदोसियाबाईंना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. पत्राने नको.

राग ओसरला की आठवण काढा. मी रोज काढते.

सुलेमा

---

कोचाबांबा,
२० जून

चि. सुलेमा हिस अनेक आशीर्वाद.

माळ्यावरून जुनी टिपणं काढली. शिंकून शिंकून बेजार झालो. १९३१च्या एका कायदेविषयक मासिकाने ते वाक्य चौकटीत छापलं होतं, खाली निकालाचा क्रमांक. विरोधी मत, असा शब्द कुठेच नाही. तो जुना अंक हाती आला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. वाक्य इतकं देखणं होतं, की त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघावंसंच वाटलं नाही. मासिकाला दोष देत नाही. मी सूक्रेला जाऊ शकत होतो. बसचं भाडं खिशात होतं.

काल क्लिसाला गेलो. बावीसही जणी जमल्या होत्या. उभं राहून सांगितलं. हयातीत पहिल्यांदाच माझ्या भाषणाला दोन मिनिटं लागली. मग तेओदोसियाबाई हसली. म्हणाली, की प्रोफेसर, आम्ही रांजण वाढायच्या आधी हुंगतो. तुम्ही चाळीस वर्षं न हुंगताच वाढलंत की हो! बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मला घाम फुटला, तोही जूनच्या थंडीत.

मग तिने असा प्रश्न विचारला, जो माझ्या सात आवृत्त्यांत एकाही विद्वानाने विचारला नाही. त्या बाईचं पुढे काय झालं? कर भरला का तिने? कशातून भरला? तिचं नाव तरी काय? मी शंभर सभागृहांत विधवा हाउरेगी, विधवा हाउरेगी म्हणून गर्जलो आणि मला तिचं नाव माहीत नाही.

तेओदोसियाबाई म्हणते, की हरायचंच असेल तर कुणाच्या पंगतीत बसून हरतोय ते आम्हाला कळू दे. शोधशील? बारा दिवस उरलेत. तुझ्यावर हक्क सांगण्याची लाज वाटते, तरी सांगतो.

काका

---

सूक्रे,
२५ जून

ती. काकांस सा. न. वि. वि.

तिचं नाव बेनिग्ना.

कोर्टाच्या बस्त्यात तिच्याबद्दल पुढे काही नव्हतं. मी हताश होऊन निघाले, तेव्हा कासियानोंनी हाक मारली. म्हणाले, की बाईने कर भरला असेल तर पावती फाटली असेल, आणि पावत्या वरच्या मजल्यावर, तिजोरीच्या दफ्तरात. कायद्याचे लोक वर जात नाहीत, हिशेबाचे खाली येत नाहीत. तीस वर्षांत दोन्ही मजले चढणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणे. मी चढले. चार दिवस धूळ खाल्ली.

तिजोरीच्या बस्त्यात सात पानं मिळाली. बेनिग्नाबाईंनी १९२८ साली गिरणी विकून कर भरला. पावती दाखवून पुन्हा कोर्टात गेल्या. आता कोर्टाला अधिकार आला! १९३३ साली त्याच कोर्टाने, आधीच्या चौघांपैकी तिघांनीच, ठरवलं की कर मुळातच बेकायदा होता. पैसे परत करा. तिजोरीचा शिपाई हुकूम घेऊन घरी गेला. त्याचा शेरा सातव्या पानावर आहे: बाई मागच्या थंडीत वारल्या, वारस सापडला नाही, रक्कम तिजोरीत जमा.

काका, त्या बरोबर होत्या. पहिल्या दिवसापासून बरोबर होत्या. ऐकून घ्यायला सहा वर्षं लागली.

पण मला चैन नाही. हा आपल्या बाजूचा निकाल नाही. आधी भरण्याचा नियम तिथे टिकलाच आहे. गोन्सालो तेच म्हणेल, आणि कायद्याने त्याचं खरं आहे. नुसत्या एका बाईच्या मरणाने न्यायाधीश हलतील का? मला कळत नाही. काय करू ते सांगा.

तुमची,
सुलेमा

---

कोचाबांबा,
२७ जून

चि. सुलेमा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र क्लिसात मोठ्याने वाचलं. शिपायाच्या शेऱ्यापाशी मी कागद खाली ठेवला. उरलेलं काकूने वाचलं. मग तेओदोसियाबाई म्हणाली, की कोर्टात हेच वाचा, दुसरं काही वाचू नका.

आज सकाळी कोर्टात लेखी अर्ज दिला, की पान २१२ची तळटीप चुकीची आहे, चूक माझी आहे आणि ते वाक्य मी मागे घेतो. तासाभरात गोन्सालोचा फोन आला. सर, आता उरलं काय, म्हणून हसला. हसू दे.

हलतील का, विचारतेस. मलाही माहीत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे लिहितोय. पण नियम काय सांगतो ते कोर्टाला पाठ आहे. नियमाने काय केलं ते कोर्टाने कधी वाचलेलं नाही, कारण ते दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन्ही मजले एका टेबलावर येऊ देत. मग त्यांनी बेनिग्नाबाईंच्या सातव्या पानाकडे बघून म्हणावं, की आम्हाला अधिकार नाही. त्यांच्या तोंडून ते निघतं का, हे मला बघायचं आहे.

मी वाचणार नाही. माझा गळा वाईट. त्यातून काहीही देखणंच निघतं. तू वाच. आधी त्या चौघांचा निकाल, आपल्या विरुद्धचा, पहिल्या ओळीपासून. काही झाकू नकोस.

एकोणीस आणि सात, सव्वीसही पानांवर शिक्के घे. माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते मंगळवारच्या सुनावणीनंतर ठरव. सोमवारची बस मात्र पकड.

तुझा काका,
सातुर्निनो