पाण्याकाठचे सात संत

ओर्सुनेई, १२ फेब्रुवारी १९९५

चि. बाकीस यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं नाताळचं पत्र आणि चॉकलेटचा डबा पोचला. डबा ग्रेकाने अर्धा केला. शेजारीण म्हणून तिला जन्मभर सोसलं, आणखी थोडं सोसेन. इथे गुडघाभर बर्फ आहे. कोकरं दोन गेली, बाकीची तगली. तुझे भावोजी जाऊन मार्चमध्ये तीन वर्षं होतील, पण मेंढ्या अजून त्यांच्याच शिट्टीची वाट बघतात. माझ्या शिट्टीला त्या भीक घालत नाहीत.

आता मुद्द्याचं. नुओरोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. माझ्या नजरेच्या मधोमध एक डाग पडलाय, लहान नाण्याएवढा. तो वाढत जाणार. डॉक्टर म्हणाला, कडेचं दिसत राहील, चूल दिसेल, उंबरा दिसेल, पण जिथे रोखून बघावं नेमकं तिथेच काही नसेल. पुढच्या हिवाळ्यापर्यंत माणसांचे चेहरे जातील. मी त्याला म्हटलं, ग्रेकाचा आधी गेला तरी माझी हरकत नाही. तो हसला नाही, म्हणजे खरंच असणार.

परत येताना बसमध्ये मी मनाशी ठरवलं. बाकीस, मी सत्तर वर्षं या सार्दिनिया बेटावर काढली आणि समुद्र पाहिला नाही. वरच्या कुरणातून हवा स्वच्छ असली की एक निळी रेघ दिसते, तेवढीच ओळख. आपल्याकडे म्हणतातच, समुद्रातून येतो तो चोरायला येतो. त्याने तुला, माझ्या भावाला, नेलं तरी मी त्याचं तोंड पाहिलं नाही. आता बघायचंय. तू तुझी मोटार बोटीत घालून ये. सात दिवसांत अख्ख्या बेटाला वळसा घालू. आजवर तू दोनदा आलास, एकदा आईच्या मयताला, एकदा भावोजींच्या. तिसऱ्यांदा माझ्या मयताला येण्याआधी एकदा नुसता ये.

एकच अडचण आहे. काळ्या शालीतली विधवा मौजेला निघाली म्हटल्यावर गाव मला फाडून खाईल. म्हणून मी सांगून टाकलंय की नवस आहे, सात दिवसांत सात संतांची देवळं करायची. पाद्रीबाबा खूश आहेत. तू फक्त गाडी हाकायची.

माया आहेच, पण पोस्टाने पाठवून ती झिजते. यंदा स्वतः येऊन घेऊन जा.

तुझी ताई,
ताताना

गेंक (बेल्जियम), ३ मार्च १९९५

ती. तातानाताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. डोळ्यांचा मजकूर पाचदा. यावर एवढंच लिहितो, कारण रडगाणं तुला खपत नाही. येतो. जूनच्या सुरुवातीला, लिव्होर्नोहून ओल्बियाच्या बोटीने.

नकाशा आणलाय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलाय आणि चार कोपऱ्यांवर चार बिअरच्या बाटल्या ठेवल्यात. सूनबाईने विचारलं, जेवायचं कुठे. मी म्हटलं, आठवडाभर उभ्याने. माझा बेत असा: ओल्बियाहून पूर्व किनाऱ्याने खाली उतरायचं, काल्यारीला मुक्काम, मग पश्चिमेकडून वर. मध्ये कार्बोनियाला थांबू. तिथली कोळशाची खाण बंद असली तरी दार आहे. मी पंचवीस वर्षं इकडच्या खाणीत कसल्या दारातून आत जात होतो ते तुला एकदा दाखवायचंय. आणि रोज दुपारी खानावळीत बसून मासे खायचे. तू भाकरी बांधून आणायची नाहीस.

राहिले तुझे संत. ताई, मी लाल बावट्याच्या युनियनचा माणूस. देवळात गेलो ते बारशांना आणि मयतांना. तरी तुझ्या पाकिटातली देवळांची यादी घेऊन प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारली. नोरा, सांत आन्तिओको, सिनिसचा सान जोव्हान्नी, बाकीचेही. मग जरा लांबून बघितलं तर सातही संत पाण्यात पाय सोडून बसलेले. डोंगरातला एक नाही. तुमच्या पाद्रीबाबांना भूगोल शिकवला नव्हता वाटतं.

तुझ्या लबाडीवर माझा फार लोभ आहे, तो तसाच राहील.

तुझा धाकटा,
बाकीस

ओर्सुनेई, २० मार्च १९९५

चि. बाकीस यास अनेक आशीर्वाद.

संतांचं तुझ्या लक्षात आलं ते आलं, आता तोंड मीट. ग्रेकाला नुसता वास लागला तरी तीही गाडीत बसेल.

तुझा बेत वाचला. तिकडे बेल्जियममध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस, इथल्या मेंढ्याही हसतील. शाळामास्तरांच्या मुलाकडून नकाशा समजून घेतला. तुमच्या गाडीचं चाक डावीकडे, तेव्हा तू म्हणतोस तसं पूर्वेकडून खाली गेलो, तर सातही दिवस समुद्र तुझ्या खिडकीत आणि डोंगर माझ्या. डोंगर मी सत्तर वर्षं बघतेय, त्यांनाही माझा कंटाळा आला असेल. म्हणून उलटं जायचं. ओल्बियाहून आधी उत्तरेला, मग पश्चिम, मग दक्षिण, शेवटी पूर्वेकडून वर घरी. म्हणजे गाडीवानाशेजारी मी बसले की पाणी सगळा वेळ माझ्या हाताशी. यात बदल होणार नाही.

तुझी खाण बघू. मलाही ते दार बघायचंय. तुझ्या पत्रांत इतक्या वर्षांत त्याचं वर्णन एकदाही आलं नाही, म्हणजे ते काही चांगलं नसणार.

भाकरी मी आणणारच. ती आपली कागदासारखी कडक भाकरी, चीजचा एक गोळा आणि डुकराच्या मांसाची सुकी गुंडाळी. मासे तू खा. ज्याला पापणी नाही अशा प्राण्यावर माझा विश्वास नाही. आणि गाडी उगाच पिटाळू नकोस. मला आता एक वस्तू बघायला मान तिरकी करावी लागते, डागाला चुकवून. तेवढा वेळ प्रत्येक वळणावर मिळाला पाहिजे.

खोकला कसा आहे ते तू दोन पत्रांत लिहिलं नाहीस. मी विचारणार नाही, पण मला दिसतं हो.

काळजी आणि आशीर्वाद, दोन्ही याच पाकिटात.

ताई

गेंक, २ एप्रिल १९९५

ती. आत्याआजीस एल्केचा नमस्कार.

आपण कधी भेटलो नाही. मी तुमच्या भावाची नात. इटालियन मला आजोबांनीच शिकवलं, त्यामुळे शिव्या छान येतात, पत्र लिहिणं तेवढं नाही. चुकेल ते पोटात घाला.

आजोबांना न सांगता लिहिते आहे. ते तुम्हाला खोटं बोलले नाहीत, पण खरंही बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांची गाडी बंद केली. खाणीची धूळ छातीत आहे, खोकल्याची उबळ आली की डोळ्यांपुढे अंधेरी येते. लायसन्स त्यांनी स्वतः नेऊन परत दिलं. आता तुमचं पत्र आल्यापासून रोज सकाळी गॅरेजमधल्या बंद गाडीत जाऊन बसतात. चाक धरून वळवतात, आरशात बघतात. परवा मी विचारलं काय करताय, तर म्हणाले, सराव. बाबांनी सांगितलं की जाऊ देणार नाही. त्यावरून घरात मोठं भांडण झालं. न जाण्यापेक्षा मेलेलं बरं, असं आजोबा म्हणाले आणि ते थट्टेत म्हणाले नाहीत.

मी बेकरीची पावाची गाडी चालवते, पहाटे चारला, बर्फातसुद्धा. बेट मला जड नाही. रजा मिळते आहे. पण मी चालवते असं मीच म्हटलं तर त्यांना भीक घातल्यासारखं वाटेल. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. घरात ते तुम्हाला सोडून कुणालाही घाबरत नाहीत.

मासे मलाही आवडत नाहीत.

न पाहिलेल्या आत्याआजीच्या लोभाची वाट पाहणारी,
एल्के

ओर्सुनेई, १९ एप्रिल १९९५

चि. बाकीस यास अनेक आशीर्वाद.

ईस्टर पार पडला. कोकरू चांगलं भाजलं गेलं. तुझी आठवण काढली, पण तुझा वाटा ठेवला नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. नवसाच्या यात्रेत घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने लगाम धरायचा नसतो. त्याने शेजारी किंवा मागे बसून वाट सांगायची आणि तरण्या माणसाने हाकायचं, अशी आपली जुनी रीत आहे. तू गाव लवकर सोडलंस म्हणून विसरला असशील. तेव्हा तुझ्या नातीला आण. पावाची गाडी हाकते ना ती? मग झालं. शिवाय तिचा चेहरा मला बघायचाय, अजून चेहरे दिसताहेत तोवर. याला नाही म्हणायचं नाही.

आता दुसरं. हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली, तेव्हा नीट बसून वाच.

तू गेलास तेव्हा बाबांना जाऊन चार महिने झाले होते. घराला सुतक होतं, खिडक्या बंद, बायका घरात. सगळ्यांनी गृहीत धरलं की तातानाला उंबरा ओलांडता येत नव्हता म्हणून ती बसपर्यंत आली नाही. तूही तसंच धरलंस, पत्रात लिहिलंसही, की ताई, तुला यायचं होतं हे मला माहीत आहे. बाकीस, मला यायचं नव्हतं. सुतकात वर्षभर पुरुष दाढी करत नाहीत आणि तू चार महिन्यांत गुळगुळीत होऊन आलास. मफलर गुंडाळला होतास, पण मी पाहिलं. मला वाटलं, याने बाबांना न्हाव्याच्या दुकानात झाडून टाकलं. आणि खरं सांगू, दाढीचा राग निमित्ताचा होता. तू मला आईपाशी, मेंढ्यांपाशी, त्या काळोख्या घरात टाकून चालला होतास, त्याचा राग होता. खिडकी मी रीत म्हणून बंद ठेवली नाही, मुद्दाम ठेवली. फटीतून बघत होते. तू बसच्या मागच्या काचेतून हात हलवलास. झऱ्यावर ग्रेका उभी होती, तिला हलवलास. ती अजून सांगते.

आणि आता मीच काळी शाल घेऊन समुद्रावर हुंदडायला निघाले आहे, देवाच्या नावाखाली. तुझी काढलेली दाढी माझ्या यात्रेपेक्षा प्रामाणिक होती.

यानंतर यायचं की नाही ते तू ठरव. माझा जीव मात्र तुझ्यावर होता, फटीमागेही.

ताई

गेंक, ४ मे १९९५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

लगामाची रीत वाचली. अशी रीत सार्दिनियात नाही, कुठेच नाही, ती तू ईस्टरच्या दिवशी काढलीस. एल्केला विचारलं तर तिचे कान लाल झाले. दोघींनी मिळून माझी मोट बांधलीत. तरी रीत ती रीत. गाडी एल्केच हाकेल. मी मागे बसेन, पुढची खिडकी तुझी. छातीचं तुला कळलंच आहे, मी लपवलं ते चुकलं. चाक हातातून सुटलं की माणूस निकामी होतो असं वाटत होतं. आता वाट सांगायचं काम आहे म्हणतेस, तर तेही एक काम झालं.

दाढीचं ऐक. भरतीच्या डॉक्टरला छाती तपासायची होती आणि पासपोर्टला फोटो हवा होता, वाढलेल्या दाढीच्या माणसाला परत पाठवत होते. नुओरोच्या न्हाव्याकडे मी खुर्चीत बसलो आणि उठून बाहेर आलो, दोनदा. तिसऱ्यांदा डोळे मिटून बसलो. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू शिव्या दिल्या असत्यास आणि विषय संपला असता.

आणि खिडकीचं मला माहीत होतं. फळीच्या फटीत तुझा डोळा दिसत होता. रागाचा होता की रडका ते तेवढ्या लांबून कळेना, पण तुझाच होता. हात मी तुला हलवला. पहिली कित्येक वर्षं खाणीत पिंजऱ्यासारख्या लोखंडी पाळण्यातून खाली उतरताना, काळोख झाला की मला ती फट दिसायची. बरं वाटायचं. म्हणून तर पत्रात लिहिलं की तुला यायचं होतं हे मला माहीत आहे. ते मी सुतकाबद्दल नव्हतं लिहिलं.

ग्रेकाला मात्र यातलं काही सांगू नकोस. बिचारीचं चाळीस वर्षांचं सुख कशाला हिरावायचं.

बोट शनिवारी, ३ जूनला सकाळी सातला ओल्बियाला लागते. तिथून आम्ही तुला न्यायला गावात येतो.

रुसवा फिटला असेल तर लोभ वाढवावा, नसेल तर रुसव्यासकट चालेल.

बाकीस

ओर्सुनेई, २१ मे १९९५

चि. बाकीस यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मेंढ्यांचं दूध काढताना रडले, त्यांनी मनावर घेतलं नाही.

गावात न्यायला येऊ नका. मी ओल्बियाला येते. नुओरोपर्यंत आपली बस, पुढे दुसरी. शुक्रवारी दुपारी निघेन, रात्री बंदराजवळच्या नन्सच्या मठात निजेन, पाद्रीबाबांनी चिठ्ठी दिली आहे. चाळीस वर्षांपूर्वी तुला सोडायला बसपर्यंत यायला हवं होतं, ती मी जरा उशिराने, थेट बंदरावर पोचते आहे. तुझे भावोजी गेल्यापासून रस्त्याकडची खिडकी बंद होती, ती काल उघडली. ग्रेकाने विचारलं, सुतक संपलं का. मी म्हटलं, नाही, हवा खेळायला उघडली. ती नवी शाल आणून देऊन गेली, काळीच, पण काठाला निळा धागा आहे. तिच्या वतीने तुला हात हलव म्हणाली. हलवला समज.

भाकरी बांधून झाली. एल्केला सांग, तिच्यासाठी मध वेगळा घेतलाय.

आता शेवटचं, आणि हे नीट लक्षात ठेव. समुद्र मोठा आहे, तो मला कडेनेही दिसेल, पुढच्या वर्षीही दिसेल. चेहऱ्याला मात्र नजरेची मधली जागा लागते, आणि ती आता फार उरलेली नाही. जी आहे ती मी पाण्यावर आधी खर्चणार नाही. पहिल्यांदा तुला बघायचं, मग एल्केला, मग समुद्राला. मठातल्या बाईंना सांगितलंय की मला शालीने तोंड झाकून धक्क्यापर्यंत हात धरून न्या. बोट येईल तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून उभी असेन. वरून तुला काळी शाल दिसेल आणि तिची पाठ. पाठ दिसली म्हणून ताई रुसली असं समजू नकोस. उतर, सावकाश ये, खोकला आला तर थांब, आणि येऊन माझ्या खांद्यावर हात ठेव. मग मी वळेन.

पाठीने तुझी वाट बघणारी,
ताई