मास्तर टीव्हीत आहेत

४ फेब्रुवारी, मंगळवार

कार्यक्रमाचे आकडे आले आणि आमच्या निर्मात्या साहेबांचं तोंड एवढंसं झालं! गेल्या हंगामाला जेवढे लोक बघत होते त्याच्या चौथाईसुद्धा उरले नाहीत. टीव्हीवरची आठची वेळ गेली. उद्यापासून तिथे जुने सिनेमे. आम्ही फक्त मोबाइलच्या अ‍ॅपवर. म्हणजे दिवाणखान्यातून थेट माळ्यावर.

घरी सांगितलं तर लेक म्हणते, "आई, तुमची भांडणं आधीच ठरलेली वाटतात. त्यापेक्षा समोरच्या बिल्डिंगमधली बरी, निदान मनापासून भांडतात!" कार्टी. पण खोटं काय बोलली?

मी कार्यक्रमातल्या त्या घराचा आवाज. काचेमागच्या खुराड्यात बसायचं, लाल बटण दाबायचं आणि आत कोंडून घेतलेल्या लोकांना धीरगंभीर सुरात सांगायचं – "सर्वांनी दिवाणखान्यात जमावं." मला आत आकाशवाणी म्हणतात. स्वतःच्या घरी मला कुत्रं विचारत नाही, इथे नुसती खाकरले तरी सगळे ताठ उभे!

वेळ गेल्याचं आतल्यांना सांगायचं नाही. बाहेरचं काहीच आत सांगायचं नाही, हा पहिला नियम. त्यांना वाटतंय अख्खं जग बघतंय. वाटू दे.

५ फेब्रुवारी, बुधवार

निम्मे कॅमेरे काढले. स्वयंपाकघरातला राहू द्या म्हणून मी भांडले. साहेब म्हणाले, "तिथे काय घडतं? तो म्हातारा बडबडतो फक्त." म्हटलं, तेच घडतं!

६ फेब्रुवारी, गुरुवार

म्हातारा म्हणजे आमचे मास्तर. शाळेत कवायत शिकवायचे. साहेबांनी त्यांना गंमत म्हणून घेतलं – पोरापोरींत एक आजोबा. पहिल्याच सकाळी त्यांनी त्या मॉडेल पोराला उठाबशा काढायला लावल्या, हसून हसून पोट दुखलं आमचं.

रोज सकाळी चहा टाकला की स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "काय गं, उठलीस का? औषध घेतलंस?" पहिल्या दिवशी मला वाटलं, झालं, आजोबा सटकले. मग त्यांनीच एकदा त्या मॉडेलला सांगितलं. भांडी घासता घासता, साध्या आवाजात.

त्यांची बायको, म्हणजे काकू, वृद्धाश्रमात आहेत. काही आठवत नाही त्यांना. मास्तर भेटायला गेले की घाबरतात. "कोण तुम्ही? बाहेर व्हा! आमचे हे आले तर काय म्हणतील?" एकदा चप्पल फेकून मारली. पण हॉलमधल्या टीव्हीवर आठ वाजता बातम्या देणारा माणूस दिसला की हसून म्हणायच्या, "या, बसा."

"तेव्हा म्हटलं," मास्तर म्हणाले, "तिला टीव्हीतलीच माणसं आपली वाटतात ना? मग आपणही टीव्हीत जाऊ."

एवढ्यासाठी आला हो हा माणूस इथे! बाकीच्यांना बक्षीस हवंय, नाव हवंय, कुणाला सिनेमा हवाय. यांना बायकोसमोर जाऊन बसायचंय, बस. आणि आम्ही कालपासून तेवढंही काढून घेतलं. आज भाजी करताना हात भाजून घेतला मी, लक्षच नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काय करून बसले मी! काय करून बसले!

दुपारची सूचना वाचली – "भांडार बंद होत आहे." वाचून झाली तरी बोट लाल बटणावर तसंच. शेजारी ध्वनीवाला चहा घेऊन आला, त्याला म्हणाले, "कशाला एवढा घसा ताणायचा? आता टीव्हीवरून काढलंय आपल्याला, बघतंय कोण!"

ध्वनीवाला पांढराफटक. माझ्या बोटाकडे नुसतं बोट दाखवलं त्याने.

आत सगळं थिजलं. ती गाणारी मुलगी मटकन खाली बसली. मॉडेल म्हणाला, "हा टास्क आहे, फसू नका, टास्क आहे!" बिचारा हसतसुद्धा होता. इतकी वर्षं आम्ही इतक्या थापा मारल्या, की खरं चुकून तोंडातून निघालं तर तीही थापच वाटली!

मास्तरांना मात्र नाही वाटली. ते हात पुसत कॅमेऱ्यासमोर आले. "बाई," – मला! आकाशवाणीला कोणी बाई म्हणत नाही – "बाई, बाकी काही नका सांगू. आठ वाजता लागतो ना कार्यक्रम? तेवढं हो की नाही सांगा."

साहेब धावत आले होते, माझ्या खुर्चीमागे उभे. मी बटणावरून बोट काढलं. मास्तरांनी पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "बरं, बरं. नियम असेल तुमचा." आणि कांदे चिरायला गेले.

घरी आल्यावर रडले. लेक विचारते, "कोणी काही बोललं का?" म्हटलं, मीच बोलले गं.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी होती. गेले वृद्धाश्रमात; पत्ता मास्तरांच्या बडबडीत ऐकला होता. मास्तरांच्या ओळखीची म्हणून सांगितलं, ते काही खोटं नाही.

काकू एवढ्याशा आहेत! पांढरी शुभ्र वेणी. तिथली सिस्टर म्हणाली, "मंगळवारपर्यंत आठचा तो घरातला कार्यक्रम लावायचो तर ह्या बघायच्या बरं का, टक लावून. बुधवारपासून बिथरल्यात. आठ वाजले की वेणी घालून मागतात, खुर्ची ओढून बसतात, आणि सिनेमा लागला की उठून दारं हलवतात. कुणाची वाट बघतात, आम्हाला काय कळणार!"



मोबाइलवर दाखवायला गेले तर काकूंनी हाताने बाजूला सारला. "हा डबा नको. तिथे." आणि मोठ्या टीव्हीकडे बोट! मग लेकीला फोन केला. कुरकुरत आली, पण आली – वायर, तिचा लॅपटॉप, सगळं घेऊन. टीव्हीमागे अर्धी घुसून पाच मिनिटांत जोडून दिलं पोरीने. मला तर टीव्हीच्या मागे एवढी भोकं असतात हेच माहीत नव्हतं.

आठला भाग सुरू झाला. मास्तर चादरी घडी करत होते. काकू पुढे सरकल्या. चेहरा असा उजळला! म्हणाल्या, "या, या. बसा."

मी आणि लेक एकमेकींकडे बघतच नव्हतो, बघितलं असतं तर दोघींनीही तिथेच भोकाड पसरलं असतं. वायर तिथेच ठेवून आलो. जुना लॅपटॉपही. सिस्टरला लेकीने तीनदा शिकवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज जाणूनबुजून दाबलं बटण.

"सर्व सदस्यांनी दिवाणखान्यात जमावं" एवढंच कागदावर होतं. ते वाचलं. मग त्याच सुरात, अगदी तितक्याच धीरगंभीर – "मास्तर. काकू आठ वाजता वेणी घालून बसतात. काल तुम्हाला या, बसा म्हणाल्या."

आत बाकी कोणाला काही कळलं नाही. मास्तर उभे होते ते सोफ्याचा हात धरून खाली बसले. पंच्याने तोंड झाकलं. आणि तो मॉडेल – मला वाटायचं ह्याला अक्कल म्हणून नाही – तो गुपचूप जाऊन त्यांच्याशेजारी बसला, पाठीवर हात ठेवून. टास्क आहे का, असंही नाही विचारलं.

ध्वनीवाला डोळे पुसत म्हणाला, "ताई, नोकरी गेली तुमची." म्हटलं, जाऊ दे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नोकरी गेली नाही. त्याहून वाईट! साहेबांना कल्पना सुचली. काकूंना घरात आणायचं. न सांगता. दार उघडणार, मास्तर वळणार, मागे व्हायोलिन. "लोक रडतील. आकडे वर येतील. हंगाम वाचेल." त्यांचे डोळे लकाकत होते, कितीतरी दिवसांनी.

म्हटलं, "साहेब, ती बाई दार वाजलं तरी दचकते. त्या दिव्यांत, त्या गोंगाटात आणणार? मास्तरांना सगळ्यांदेखत बाहेर व्हा म्हणाली तर?"

साहेब म्हणाले, "तर आणखीच—" आणि स्वतःच थांबले. वाईट माणूस नाही. आकड्यांनी पिसाळलाय.

"मी ती सूचना वाचणार नाही," मी म्हटलं. "पत्ताही देणार नाही. दुसरा आवाज शोधा."

साहेब खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "राहू दे. खरं सांगू? त्यानेही वर यायचे नाहीत आकडे. लोकांचं रडून झालंय आपल्यावर."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांना चहा करून द्यावासा वाटला. दिला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बंद. उद्या शेवटचा भाग. विजेता वगैरे काही नाही, सगळ्यांना फुलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेवटची सूचना मीच वाचली. "घराची दारं उघडत आहेत." आवाज फाटला मध्येच, फाटू दे. दारात एक पत्रकार नाही, एक चाहता नाही. मॉडेलने गॉगल चढवला, इकडेतिकडे बघितलं, परत काढला.

मास्तरांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "चला, उशीर नको." पहिल्या शब्दालाच ओळखलं! हसले, "अहो, तुम्ही एवढ्याशा? मला वाटलं सहा फूट असाल."

उद्या काकूंकडे घेऊन जाणार त्यांना. रिक्षाने घरी सोडायला निघाले तर वाटेत म्हणतात, "बाई, इस्त्री कुठे मिळेल हो एवढ्या संध्याकाळी? सदरा चुरगळलाय." आमच्याच घरी आणलं आणि करून दिली. लेकीने त्यांच्या केसांना तेल लावून दिलं. आरशासमोर उभे राहून तीनदा विचारलं, "ओळखेल ना?" मी म्हटलं, ओळखणारच! छातीठोकपणे म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

ओळखलं! दारातच ओळखलं! टाळी वाजवली काकूंनी – "अगंबाई! तुम्ही टीव्हीतले ना? या, या. बसा."

खुर्ची स्वतः ओढून दिली. निरखून बघितलं त्यांच्याकडे. "किती वाळलात हो. घरी कोणी करून घालणारं नाही का?" मग दाराकडे बघून, हळूच, लाजून म्हणाल्या, "जाऊ नका हं लगेच. आमचे हे येतीलच इतक्यात. ओळख करून देते."

मास्तरांनी सदरा सारखा केला. म्हणाले, "हो हो. थांबतो की."