मीठ बघायला पोर्तुगालला

९ फेब्रुवारी
सावंत मॅडमनी लेक्चरनंतर थांबवलं. उन्हाळी अभ्यासदौरा, पोर्तुगाल, जूनमध्ये चार आठवडे. विषय खाडी, खाजण, मिठागरं. नऊ जागा, आठ भरल्या. "तू नाव का नाही दिलंस?" म्हटलं, घरी विचारते. खरं कारण इंग्लिश. लिहिता येतं, बोलायला गेलं की वाक्य अर्ध्यावर सुटतं.

दौऱ्याच्या पोस्टरवर जाण्याची चार कारणं छापलीत: आत्मविश्वास, करिअर, नवी संस्कृती, आयुष्यभराच्या मैत्र्या. गेल्या वर्षीपण हीच होती.

१० फेब्रुवारी
जेवताना विषय काढला. पप्पा आधी हसले. मग ताट बाजूला सरकवलं.
"मीठ बघायला पोर्तुगालला? आजा चाळीस वर्षं त्या आगरात राबला. त्यातनं बाहेर पडायला आपल्याला किती वर्षं लागली माहितेय?"
आई म्हणाली, "अहो, अभ्यासाला चाललीय ती."
"मग कॉम्प्युटरचा बघ ना कुठला. लंडनला पाठवतो."
खर्चाचा प्रश्नच नाही. मीठ हाच प्रश्न.

आजा टीव्हीसमोर होता. ऐकू जातं त्याला, पण जाऊ देतो. एकदम बोलला, "जाऊ दे तिला. आनि बाय, त्यांना इचार, आगरात पानी कवा सोरतान."
पप्पा उठून गॅलरीत गेले.

२२ फेब्रु.
फॉर्मवर पप्पांची सही. कारण सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "तिकडे सांगत बसू नको आपण काय करायचो ते. माझा कन्स्ट्रक्शनचा धंदा आहे, ते सांग."

मार्च ते मे
काही लिहिलं नाही. व्हिसा, परीक्षा, बॅग. शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकून व्हिसाची पहिली अपॉइंटमेंट चुकली. दुसऱ्या वेळी पप्पा पहाटे साडेपाचला स्वतः गाडी काढून आले. तीन तास आधी पोचलो. पप्पांनी माझ्यासाठी दोन वडापाव आणले.

२ जून
पोचलो. समुद्राजवळचं छोटं गाव, युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल. रूममेट ईशा, घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहते, इंग्लिश पाण्यासारखं. वाटलेलं भाव खाईल. तसं नाही. माझा चार्जर विसरला तर स्वतःचा दिला.

रात्री नऊ वाजता उजेड. झोपायचं कधी?

३ जून
ओळखी. सगळ्यांनी सांगायचं, का आलात. माझी पाळी आल्यावर पोस्टरवरचं म्हटलं. घरी काय करतात? "कन्स्ट्रक्शन." बस्स, एक शब्द.

५ जून
मिठागर पाहिलं. खाडीचं पाणी एका दारातून आत घेतात, मग एका वाफ्यातून दुसऱ्यात, शेवटच्यात मीठ. मानुएल म्हणून सत्तरीच्या पुढचे गृहस्थ आहेत, लांब दांड्याची लाकडी फळी घेऊन मीठ ओढतात. पाय भेगाळलेले. ते पाय मी ओळखते. घरी रोज सोफ्यासमोर असतात.

कोणाला सांगितलं नाही.

९ जून
आज वाईट झालं. तेरेझा मॅडम (इथल्या प्रोफेसर) म्हणाल्या, तुमच्या शहराजवळ खाडीवर मीठ होतं असं वाचलंय, कोणी सांगेल? हंगाम कधी? वाफ्याचा तळ कसा करतात? तुडवतात की ठोकतात? मीठ कोण ओढायचं, पुरुष की बायका?
सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी वहीत मान घातली.
लाज वाटली म्हणून गप्प बसले असते तर एकवेळ चाललं असतं. पण मला खरंच माहीत नव्हतं. एकाच घरात वीस वर्षं, आणि एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

१० जून
ईशाला सांगितलं. रडलेपण थोडी. ती म्हणाली, "मग फोन लाव ना त्यांना! मला माझ्या आजोबांचं नावसुद्धा नीट माहीत नाही, आम्ही त्यांच्याशी बोलतच नाही." एवढं बोलून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही.

११ जून
इथे सकाळचे अकरा, घरी दुपारचे साडेतीन. आईने फोन आजाच्या हातात दिला. कॅमेऱ्यात नुसता कान.
"आजा, वाफ्याचा तळ कसा करायचात?"
कान हलला, एक डोळा दिसला.
"तुना कशाला?"
"इथे विचारतात. मला येत नाही."
मग चाळीस मिनिटं. पायाने तुडवायचा, रांगेने, बायका पुढे. टाचेने, तळव्याने नाही. चिखल बसला की नाही ते आवाजावरून कळतं. तळ कच्चा राहिला तर मीठ काळं येतं, आणि व्यापारी तोंडावर सांगतो. हात दुखेपर्यंत लिहिलं.
शेवटी त्याने विचारलं, "तिकडं पाऊस नाय आला?"
"आजा, इथे उन्हाळ्यात पाऊसच नसतो. सप्टेंबरपर्यंत मीठ काढतात."
"सप्टेंबर!" मग हळू आवाजात, "मंग त्यांचं बरं हाय."

१२ जून
वर्गात सांगितलं. उभी राहून, वही बघून, मोडक्या इंग्लिशमध्ये. "माय ग्रँडफादर" म्हणताना आवाज चिरकला. टाचेचं करून दाखवलं, त्याला इंग्लिश लागलं नाही. तेरेझा मॅडम स्वतः उठून टाच आपटून बघायला लागल्या.

१६ जून
व्हिडिओ कॉल, थेट मिठागरातून. एकीकडे आजा, एकीकडे मानुएल. मधे मी आणि तेरेझा मॅडम. आगरी ते मराठी माझ्या डोक्यात, मग इंग्लिश, मग पोर्तुगीज. आधी दोघांनी हात हलवले. मग मानुएलनी फळी कॅमेऱ्यासमोर धरली. आजा म्हणाला, "दांडा लांब हाय. कंबर वाचते." मानुएल खूश.

नंतर मानुएल पाण्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले, तसा आजाच ओरडला, "त्याला सांग, वारा फिरलाय. पानी नको सोरू आता!"
सांगितलं. मानुएल थबकले. म्हणाले, बरोबर, मीपण थांबलोच होतो, पण यांना हजारो किलोमीटरवरून कसं कळलं?
आजा म्हणाला, "तुझी ओढनी मघाशी डावीकडं उडत व्हती."

सगळे हसले. मानुएलनी टोपी काढली. आजाला ते काय असतं कळलं नाही, त्याने रामराम केला.
आजाच्या मागे दारात पप्पा उभे होते. दिसले. मग नाही दिसले.

पप्पांचा मेसेज आला, "जेवलीस का." इतकंच.

२४ जून
चांगलंच लिहायचं असं नाही. पोट बिघडलं, दोन दिवस झोपून. घरची आठवण. एका कॅफेत आम्हाला पंधरा मिनिटं कोणी विचारलंच नाही, शेजारच्यांना लगेच. ईशा भांडायला उठली, मी खाली बसवलं. नंतर वाटलं, भांडू द्यायला हवं होतं. हे पोस्टरवर कुठे लिहिणार.

१ जुलै
घरी. पप्पा एअरपोर्टवर. ठाणं आलं. मग गाडी चालवताना, समोर बघत:
"तळ तुडवायला मीपण जायचो. दहावीपर्यंत. सकाळी आगरात, मग शाळा. पाय धुतले तरी भेगांतलं मीठ जायचं नाही. वर्गात बाकाखाली पाय लपवून बसायचो."
मी म्हटलं, "कधी सांगितलं नाहीत."
"सांगायचं काय त्यात."
जरा वेळाने, "त्या माणसाने टोपी काढली ना आजाला?"
"हो."
घराजवळ आल्यावर आरसा नीट करत डोळे पुसले. मी खिडकीबाहेर बघितलं.

८ जुलै
सावंत मॅडमचा फोन. ज्युनियर्ससमोर पाच मिनिटं बोल, पुढच्या वर्षीची नावं घ्यायचीत. "पोस्टरवरचे चार मुद्दे सांग फक्त."

१५ जुलै
बोलले. मुद्दे नाही सांगितले. म्हटलं, तिथे मला कोणीतरी विचारलं तुमच्याकडे कसं करतात, आणि मला येत नव्हतं. इथे कोणी विचारलंच नसतं. इथे सगळ्यांना वाटतं आपल्याला माहितेय. म्हणून जा. पोट बिघडेल, कॅफेत राग येईल, तरी जा. मॅडमच्या कपाळाला आठ्या, पण टाळ्या बऱ्या पडल्या.

मग मागच्या बाकावरून एक मुलगी. रुतुजा नाव, एफवाय. वागळे इस्टेटजवळ राहते.
"ताई, तुमच्याकडे आजोबा होते, मिठागर होतं. माझ्याकडे तसलं काहीच नाही. मी का जाऊ?"
विचारलं, "पप्पा काय करतात?"
"कंपनीत आहेत. लेथ मशीनवर."
"लेथवर काय बनवतात?"
"माहीत नाही."
ती खाली बसली. मला बरं नाही वाटलं. मुद्दाम तिला पकडलं असं झालं ते. नंतर जिन्यात गाठून सॉरी म्हटलं. ती म्हणाली, इट्स ओके ताई, आणि नंबर घेतला.

१९ जुलै
आजाला ताप. डॉक्टर म्हणाले व्हायरल. झोपेत पण पाणी सोडण्याबद्दल बोलत होता. माझ्या वहीत त्याला विचारायचे अजून सव्वीस प्रश्न आहेत. पप्पांनी त्यातले तीन स्वतःच्या अक्षरात सोडवले. न विचारता.

२३ जुलै
आजा उठून बसला. पेज प्यायला. प्रश्न विचारू का म्हटलं तर, "आज नाय."

रुतुजाचा व्हॉइस मेसेज, चार मिनिटांचा. घरी विचारलं तिने. तिचे पप्पा पंपाच्या आतला एक भाग बनवतात, केसाइतकाही फरक चालत नाही म्हणे. सोळा वर्षं तेच. बोलायला लागले ते थांबेचनात, जेवण राहिलं, शेवटी तिची मम्मी ओरडली. उद्या कंपनीच्या गेटपर्यंत घेऊन जाणारेत.
शेवटी म्हणते, "फॉर्म अजून भरला नाहीये ताई. आता तर कळतच नाही, इथेच एवढं राहिलंय तर तिकडे कशाला जायचं. तुम्हीच सांगा."

दोनदा ऐकला. "मी तिकडे गेले म्हणूनच इथलं विचारलं" असं टाइप केलं, खोडलं. सावंत मॅडमनी रुतुजाचं नाव घ्यायचं का विचारलंय, त्यांना अजून कळवलं नाही.